आजचं कालवण

"चार महिने एक बी गोळी घेतली न्हाई, डॉक्टर. सगळ्या मोरीत टाकल्या. आन बघा, बरा हाय का न्हाई?" भीमा छाती काढून म्हणाला.

शेजारी त्याची आई, लंकाबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. खर्ड्याहून नगरला येईपर्यंत एसटीत तिने देवाला एवढंच विनवलं होतं, की गोळ्यांचा विषय तेवढा निघू नये.

डॉक्टरांनी मार्ग समजावले. रोजची गोळी, जिभेवर विरघळणारी गोळी, नाहीतर महिन्यातून एकदा इंजेक्शन. "जुनं औषध पोटात नाहीच म्हणता, तर नवीन जरा जोरातच सुरू करू," म्हणत ते लिहायला लागले.

लंकाबाईची नजर त्या पेनावर खिळली. गप्प बसावं, तर दुप्पट औषध पोरालाच बाधायचं. बोलावं, तर झालंच मग!

"थांबा, साहेब. गोळी जाती त्याच्या पोटात. मी दुसरं पाकीट लपवून ठेवलंय. कुटून रोज रातीच्या कालवनात घालते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. मान वर होईना.

भीमाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं वाटलं तिला.

"कानातले आवाज सांगायचे, आई जेवनात कायतरी घालती. तू माझ्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतलीस. म्हनलीस, ते आवाज खोटे, मी खरी."

"तू बरा व्हावास म्हनून रे, बाळा."

बोलता बोलताच ते तिचं तिलाच पुचाट वाटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आता काय घ्यायचं, ते त्याला ठरवू द्या."

"जेवून येतो, मग सांगतो," म्हणत भीमा उठला.

दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली लंकाबाईने डबा उघडला. दोन भाकरी, लसणाची चटणी, वांग्याचं कालवण. भीमाने कालवण नाकाजवळ नेलं.

"ह्यात हाय?"

"न्हाई रे. आज खरंच काय न्हाई."

"मग घे शपथ."

चार महिन्यांत ह्या प्रश्नाचं खरं उत्तर ती पहिल्यांदाच देत होती. तिने हात उचलला. त्याच्या डोक्यापर्यंत तो गेलाच नाही.