वळणावरच्या सतरा चादरी

“ह्या सगळ्या चादरी तुमच्याच?” गोविंदरावांनी विचारलं.

“आमच्याच.” विश्वंभरपंत वाकून शेवटच्या चादरीच्या कोपऱ्यावर दगड ठेवत होते. “सतरा माणसं येताहेत. भोपाळकडच्या पॅसेंजरनं.”

झाशीच्या छावणीत मोटारींची शर्यत पहिल्यांदाच होत होती आणि गाव नुसतं वेडं झालं होतं. बड्या बाजारातल्या दुकानांना भर सकाळी कुलपं, बबीन्याहून फौजी कुटुंबं टांगे भरभरून आलेली. चर्चजवळचं हे वळण सगळ्यात भारी. बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की मोटार थेट अंगावर धावून येते आणि ऐन वेळी वळते! इंजिन ड्रायव्हर गोविंदरावांनी आठ दिवस आपल्या मुलीला, बकुळला, हीच जागा कबूल केली होती. आणि आता इथं दोरीला लागून चाळीस पावलं चादरीच चादरी.

“बाबा, ती निळी तर आपलीच आहे!” बकुळ ओरडली.

खरंच होती. पार्सल ऑफिसातले विश्वंभरपंत चार महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेले. त्यांच्या यमुनाबाई दोन दिवस रेल्वे कॉलनीत घरोघर फिरून, पाहुणे येणार म्हणून चादरी मागत होत्या. म्हणजे लोकांच्याच चादरी पसरून लोकांनाच उभं राहू द्यायचं नाही! गोविंदरावांचं डोकं फिरलं.

“अरे बाबूजी, पूरी सड़क ख़रीद ली क्या?” बंदोबस्तावरचा हवालदार हसला.

पंत हसले नाहीत. ह्याच जागेबद्दल त्यांनी म्हणे शर्यतीच्या कचेरीत तीन अर्ज दिले होते. तिन्ही परत आले.

चादरींच्या मागं लगेच नाला, म्हणून गर्दी कुरकुरत दोन्ही टोकांना दाटली, पण चादरीवर कुणी पाय ठेवला नाही. रेल्वेच्या माणसाला बाकी कायदे आठवोत न आठवोत, हा पक्का पाठ असतो. बाकावर रुमाल टाकला की ती जागा धरली. मग मालक कुठं का चहा पीत असेना.

धाडकन बार उडाला. आल्या मोटारी! नऊच्या नऊ, धूळ उडवत, कानठळ्या बसवत. बकुळ बापाचा हात धरून उड्या मारत होती. लाल सात नंबर पुढं, मागं हिरवी, मग पुन्हा लाल. टोप्या हवेत उडत होत्या. स्वतः गोविंदराव, चाळीस मैलांच्या वेगाला रोज जांभया देणारा माणूस, घसा फाटेस्तोवर ओरडत होते.

पाच फेऱ्या झाल्या. चादरी रिकाम्याच.

“पंत, पोरीला काही दिसत नाहीये. तुमची माणसं आली की आम्ही उठतो.” गोविंदरावांनी निळ्या चादरीवर एक पाय ठेवला.

पंतांनी त्यांचं मनगट पकडलं. “गोविंदराव, पाया पडतो तुमच्या. जागा धरलेली आहे.”

“अहो, गाडी लेट आहे ना?”

“येईलच. धरलेली आहे जागा.”

सगळे बघत होते. धरलेल्या जागेवर बसणाऱ्यांना गोविंदरावांनीच आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. त्यांनी पाय मागं घेतला. “ठेवा उरावर तुमची जागा!” म्हणाले आणि बकुळला खांद्यावर घेऊन तरातरा वळणापलीकडच्या कडुलिंबाच्या पारावर जाऊन उभे राहिले.

अकरावी फेरी. लाल मोटार वळणावर आली आणि वळलीच नाही. मागची चाकं घसरली, दोरी तटकन तुटली. मोटार चादरींवरून आडवी फरफटत पलीकडच्या नाल्यात जाऊन थांबली.

मग धूळ बसली. चालवणारा लंगडत बाहेर आला. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. निळ्या चादरीच्या मधोमध चाकाचा काळा पट्टा होता आणि ती दोन ठिकाणी फाटली होती.

लोक आनंदानं किंचाळायला लागले, एकमेकांच्या गळ्यात पडले. बकुळला घट्ट धरून गोविंदराव धावत आले. पंत खाली बसून एकेक दगड बाजूला करत होते, मान वर करत नव्हते. यमुनाबाईही येऊन चादरी झटकत होत्या.

“वहिनी, देव पावला!” गोविंदरावांना रडू आणि हसू एकदमच येत होतं. “गाडी लेट झाली म्हणून तुमची सतरा माणसं वाचली. आणि आम्हीही! चला, मी स्वतः स्टेशनवर येतो. सगळ्यांना वाजत गाजत आणू.”

यमुनाबाईंनी निळ्या चादरीची घडी केली, फाटकी बाजू आत घेऊन.

“कुणी येत नाहीये, भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या. “आमचा एकच मुलगा होता, श्रीकृष्ण. मागच्या साली, बदलीच्या आधी, तिकडच्या गावच्या शर्यतीत वळणावरची पहिली जागा ह्यांनीच त्याच्यासाठी धरून ठेवली होती.”