भोपाळच्या तळ्यातला मासा

"कुणाला पटायचं न्हाई, आन् पटावं असा माझा हट्टबी न्हाई," म्हाळूआबा ओट्यावरून गरजले, "पण भोपाळच्या तळ्यात आमची बोट एका माशाच्या पाठीवर चढली आन् तासभर तिथंच बसली!"

दौंडजवळच्या वरवंड गावातल्या त्या ओट्यावर रविवारी सकाळी तीन माणसं ऐकायला होती. शेजारचे सोपानराव, हातात चहाची बशी. नात माया, रांजणगावच्या कंपनीत नुकतीच लागलेली, शिरूरला खोली करून राहणारी, सुट्टीला आलेली. आणि उंबऱ्यात मेथी निवडत बसलेली जाईबाई, आबांची बायको. चार दिवसांच्या सहलीवरून दोघं कालच परतले होते.

"मग हो?" सोपानरावांनी विचारलं.

"मग काय! बोटवाल्याला म्हटलं, हाण की वल्हं. तर म्हणतो, 'चचा, सोने दो उसको. उठेगा तब चलेंगे.' मासा झोपलाय म्हणून माणसं थांबली! असलं गाव ते. टाळकं सरकलं माझं."

टाळकं कालपासून सरकलेलंच होतं. घरात पाय टाकल्यापासून आबा भोपाळवर तुटून पडत होते. तिथं म्हणे अकरा वाजता दुकानाचं शटर अर्धं वर जातं आणि तेवढ्यानं दुकानदार दमतो. चहा मागावा तर आधी घरच्या म्हशींची खुशाली विचारतात. माणसं तळ्याकाठी नुसती बसून राहतात.

"कशाला, तर बसायचं म्हणून! गावाभाईर रानात जाऊन यावं म्हटलं, तर रिक्षावाला झाडाखाली आडवा. उठवला तर माझ्यावरच डाफरला. आन् तळं तरी कसलं? निम्मं जलपर्णीनं झाकलेलं. रातभर इंजिनांचे भोंगे. डोळ्याला डोळा न्हाई."

"जलपर्णी? आपल्या भीमेसारखी?"

"भीमेसारखीच! डिट्टो!" आबा असे ओरडले की ओट्याखालचं कुत्रं उठून गेलं.

"फोटो तरी दाखवा की, आबा," माया म्हणाली.

"फोन माशानं गिळला. उगं न्हाई चार दिस लागत नव्हता."

माया खुदकन हसली. तिकिटं तिनंच काढली होती, पहिल्या पगारातून. दोन दिवस भोपाळ शहर, एक दिवस सांची. खरं तर सगळं सांचीसाठीच. घरातल्या भिंतीवर स्तूपाचं चित्र होतं, जुन्या कॅलेंडरवरचं. त्या कॅलेंडरचे महिने कधीच फाटून गेले, चित्र राहिलं. त्याच्यासमोर जाईबाई रोज मेणबत्ती लावायची, पंचशील म्हणायची आणि एवढंच बोलायची की डोळे मिटायच्या आत एकदा तिथं डोकं टेकायचंय. कुणाला सवड नव्हती, कुणाला ते दूर वाटायचं. मायानं ते मनावर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, "आबा, गाडी दौंडच्या जंक्शनवर येत नाही. जंक्शन टाळून बाहेरून जाणाऱ्या कॉर्ड लाईनचं स्टेशन वेगळं आहे, तिथं जा." तेव्हाही आबा भडकले होते. "मला दौंड शिकवती व्हय? तुझ्या बापाच्या जन्माआधीपासनं बघतोय मी ते टेसन!"

"आबा, भोपाळ राहू द्या आता," माया म्हणाली. "सांचीचं सांगा."

उंबऱ्यातलं देठ मोडणं थांबलं.

आबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सांची... तिथं कसला राग येतोय, पोरी. सकाळच्या उन्हात चढून गेलो. समोर ह्यो एवढा स्तूप. तुझ्या आज्जीनं दगडाला जे डोकं टेकलं, ते उचलंच ना. शेवटी मीच धरून उठवली."

मायाचे डोळे भरून आले. "झालं बाई एकदाचं! आज्जीचं सांचीचं फिटलं. आता पुढच्या वर्षी दोघांना कोकणात नेते, समुद्र दाखवायला."

"समुद्र!" आबांना पुन्हा उभारी आली. "आगं, समुद्रातला मासा तर—"

मेथीची जुडी ओट्यावर आपटली. माती सोपानरावांच्या बशीत उडाली.

"गप बसा!" जाईबाई उभी राहिली. उभ्या संसारात चारचौघांत तिनं नवऱ्याला हा शब्द वापरला नव्हता. "मासा सांगितलात, मी गप. बोटवाला सांगितलात, मी गप. पोरीचं मन मोडंल म्हणालात, म्हणून गप. कसलं आलंय भोपाळ? चार दिस दौंडात तुमच्या भैनीच्या घरी पडून हुतो. जंक्शनच्या फलाटावर बसवलं मला, आत्ता येती, मग येती म्हणत. गाडी तिकडनं कॉर्ड लाईनवरनं निघून गेली!"

"आगं, हळू..." आबा पुटपुटले.

"हळू कशाला? डोकं मी अजून टेकलेलं न्हाई! आन् टेकलं म्हणून गावभर सांगून बसलात, तर आता मला तिथं नेणार कोण?"