मिरीचा दाणा

"मामांना तू ओवाळ गं," म्हणत आईनं औक्षणाचं तबक माझ्या हातात दिलं. मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला सगळं गोत जमलं होतं. पाटावर बसलेले मामा माझ्याकडे बघून हसले. मी फ्रॉकात होते तेव्हा दाराला आतून कडी लावताना हसायचे ना, अगदी तसेच.

आणि मी अंगातून निघाले. नेहमीसारखी, थेट छताकडे. खाली जरीच्या साडीतली कुणी बाई उभी होती. तिच्या हातात निरांजनाचं तबक होतं. ते हात माझे नव्हतेच.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, असं व्हायला लागलं की काहीतरी तिखट चावा. मघापासून गालात धरलेला मिरीचा दाणा मी कडकन फोडला. जीभ पेटली, डोळ्यांत पाणी आलं, तळपायांना गार फरशी लागली. हात माझे झाले.

तबक मी आईच्या हातात परत ठेवलं. "तूच ओवाळ. तुला तेव्हाच सगळं सांगितलं होतं मी."

"अगं, हळू बोल! सगळे बघताहेत."

"बघू देत की. इतकी वर्षं मी एकटीनं बघितलंय, छताला चिकटून."