पाहुण्याची चूक

आज रोबोनं माती खाल्ली तर जाकीरभाईची जागा वाचणार होती.

खामगावच्या कापूस संग्रहालयात रोबो येऊन आठवडा झाला होता. कमरेएवढा, चाकांवर फिरणारा, मान वाकवून नमस्कार करणारा. झाडूवाल्या सोजराबाईनं त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली. "खात नाही, पेत नाही, अन् जातही नाही!" आज जाकीरभाईऐवजी माहिती तो सांगणार होता. जमलं तर जाकीरभाईनं उद्यापासून सायकल स्टँड सांभाळायचं, असं संग्रहालयाच्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं होतं.

पाहुण्याची एक चूक जाकीरभाईनं कालच हेरली होती. मुद्दाम बोलला नाही. पडू दे तोंडावर!

जाकीरभाईच्याच गावची, पिंपळगाव राजाची मंडळी आली. पाहुणा बीटी कापसाच्या बोंडांपुढे थांबला. "या कापसावर बोंडअळी येत नाही. शेतकरी निश्चिंत झाला."

मंडळीतले वामनराव भडकलेच. "काय बोलून राह्यला बे? गुलाबी अळीनं कापसाची सारी पराटी खाल्ली, अन् हा म्हणते निश्चिंत!" बियाण्याच्या दुकानदाराला दाखवायला आणलेलं किडकं बोंड त्यांनी खिशातून काढलं आणि पाहुण्याच्या तोंडापुढे नाचवलं. "हाना त्या डब्ब्याले!" मागून कोणीतरी ओरडलं.

जाकीरभाईच्या मनात लाडू फुटत होते. तेवढ्यात पाहुण्यानं मान खाली घातली. "मी चुकीचं बोललो का?"

झालं! जाकीरभाईला राहवेना. तो मध्ये पडला. "थांबा ना वामनभाऊ. त्याले जसं सांगतलं तसं त्यानं मानलं. तुमी नोयतं मानलं? बीटीचं पयलं पाकीट आणून साऱ्या गावात मिरवत होते, ते कोन?"

मंडळी खो खो हसली. वामनराव ओशाळले.

पाहुणा त्यांच्याकडे वळला. "माफ करा, काका. तुमचं नुकसान झालं आणि मी चुकीचं सांगितलं."

वामनराव बघतच राहिले. "ऐकलं काय? बियाणेवाला नाही, दुकानदार नाही, सायेब नाही. माफी मांगली ते या डब्ब्यानं!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

वामनराव निघताना मॅडमनी त्यांना विचारलं, "कसा वाटला आमचा रोबो?"

"लय गुणाचा आहे. ठेवाच त्याले."

जाकीरभाईचा चेहरा पडला.

"पण कापसाचं जाकीरभाईलेच सांगू द्या," वामनराव चपला घालत म्हणाले. "हा मांगं मांगं फिरून माफी मांगत जाईन. लय गावं बाकी आहेत."