एकोणिसावा

"मॅडम, तिसऱ्या घरात अजून धा जागा मोकळ्या हायत. मग एकोणिसावा बाहेर का?"

मंजुषाचा खडू फळ्यावर तसाच थांबला. पोटॅशियम. दोन, आठ, आठ आणि शेवटचा एक. मुरूम गावच्या या शाळेत ती चौदा वर्षं नववीला अणू शिकवत होती. कवच म्हटलं की पोरं गोंधळतात, म्हणून ती घर म्हणायची. पहिल्या घरात दोन इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. दरवर्षी निम्मा वर्ग दोन, आठ, नऊ लिहायचा आणि ती लाल शाईनं काट मारायची. का, असं कुणी विचारत नसे.

गेल्या साली मात्र वैष्णवीनं विचारलं होतं. हाच तास, हेच शब्द. घंटेला दोन मिनिटं उरली होती. "नियम आहे तो," मंजुषा म्हणाली होती. "का-बिका विचारायचं नाही, पाठ करायचं." वर्ग हसला. वैष्णवीही हसली.

त्याच आठवड्यात वैष्णवी गेली. पाळी आली, बाहेरची झाली होती, म्हणून पडवीत सतरंजीवर निजली होती. आत दोन खोल्या मोकळ्या होत्या. मण्यार चावली. दुखत नाही म्हणे, झोपेतच विष चढतं. सकाळी चहाला हाक मारली, तर पोर उठलीच नाही. आयुष्यच तेवढं होतं, असं सगळे म्हणाले.

तेव्हापासून तो प्रश्न मंजुषाचा पिच्छा सोडत नव्हता. भाकरी थापताना ऐकू यायचा. मन निवावं म्हणून ती एकादशीला कीर्तनाला जायची. बुवांचा गळा लई गोड. टाळ-मृदंग भरात आले की तिला वाटायचं, पांडुरंग आता सगळं पोटात घेतो आहे. पण अभंग संपायचा, टाळ थांबायचे, आणि त्या एका श्वासाएवढ्या शांततेत मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, मॅडम, एकोणिसावा बाहेर का? ती वळून पाहायची. मागं बायका हात जोडून बसलेल्या असायच्या.

आज विचारणारी अक्षदा होती. मेंढरं राखणाऱ्या धनाजीची थोरली.

उत्तर मंजुषानं वर्षभर जुनी पुस्तकं धुंडाळून शोधलं होतं. "चौथ्या घरातली पहिली जागा त्याला तिसऱ्यातल्या उरलेल्या जागांपेक्षा सोपी पडते. ऊर्जा कमी लागते. म्हणून तो आपणहून तिथं जातो." तिनं चौथ्या घरात खडूनं एक ठिपका काढला. "त्याला कुणी बाहेर काढत नाही."

घंटा झाली. पोरं डबे घेऊन पळाली. अक्षदा टेबलापाशी घुटमळत राहिली.

"काय गं?"

"मॅडम, म्याबी आजपास्नं पडवीत हाय. पयल्यांदाच." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "लई भ्या वाटतंय."

"शाळा सुटली की मी येते तुझ्या घरी. आईशी बोलते. तू आत झोपायचं."

"नगा येऊ, मॅडम. आई ऐकायची न्हाय. सकाळीच म्हणली..."

"काय म्हणाली? बोल."

अक्षदानं मान खाली घातली. "म्हणली, तुमच्या मॅडम येवढ्या शिकलेल्या, त्यांनीबी पोटच्या वैष्णवीला पडवीतच निजवलं. मग आपुन कोण लागून गेलो?"

शाळेत आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, हाही नियम मंजुषानंच घातला होता. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. अक्षदाला वाटलं, आता मार बसणार.

"म्हणूनच मी येणार," मंजुषा म्हणाली.