भिंतीच्या आत

पगार वाढला हे ऐकून मित्सुएनं हातच जोडले.

"यंदा नको ना, ओकुदासाहेब," ती कमरेत वाकून म्हणाली. "माझा तेवढा जुनाच राहू द्या. मी कुणाला सांगणार नाही."

"सरकारनंच वाढवलाय, नागुराबाई. जुना दिला तर मला आत टाकतील."

ओकुदा सुपरमार्केटचा मॅनेजर, वयानं मित्सुएच्या मुलाएवढा. दर शरदात किमान मजुरी वाढायची आणि ही रडारड त्याच्या वाट्याला यायची. इतरत्र लोक पगारवाढीसाठी संप करतात. जपानमधल्या तोयोहाशी शहरातल्या या दुकानात ती टळावी म्हणून बायका हातापाया पडायच्या.

कारण भिंत. अर्धवेळ काम करणारीचा पगार ठरलेल्या रकमेच्या आत राहिला, तर ती नवऱ्याच्या विम्याच्या छत्राखाली. दवाखाना आणि म्हातारपणाचं पेन्शन, दोन्हींची सोय फुकटात. रक्कम जरा ओलांडली की छत्र गेलं आणि स्वतःच्या पगारातून विम्याचे हप्ते कापायला सुरुवात. म्हणजे काम जास्त आणि हातात कमी. म्हणून तासाचा दर वाढला की तास कमी करायचे, हा दुकानातल्या बायकांचा धर्मच होता.

मित्सुएनं तो इतकी वर्षं निष्ठेनं पाळला होता. तिचा नवरा शिगेकी पंप बनवणाऱ्या कंपनीत, खरेदीखात्यात. लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण भिंत विसरायचा नाही. "माझ्या छत्राखाली आहेस तोवर तुला कसली गं चिंता?" हे तो वर्षातून एकदा तरी ऐकवायचा आणि ऐकवताना ताठ बसायचा.

या वेळी मात्र ओकुदा हटून बसला.

"तास कमी केलेत तर तळणीचा काउंटर कोमोरीबाईंकडे जाईल. वर्षअखेरीच्या गर्दीत मला तिथं रोज माणूस हवं. नाहीतर तुम्हीच पूर्ण घ्या. जबाबदारी तुमची, विमाही तुमच्या नावावर. शुक्रवारपर्यंत सांगा."

कोमोरीबाई! जिचे बटाट्याचे कोरोक्के कढईत पडले की फुटून त्यांची भाजी व्हायची! मित्सुएचे कोरोक्के संपले की गिऱ्हाईक रिकाम्या ताटाकडे बघत उभं राहायचं. उभ्या जन्मात तिला मिळालेली ही एवढीच जहागीर होती. ती जाणार म्हटल्यावर तिला रडूच आलं.

शुक्रवारी ती हो म्हणून मोकळी झाली. घरी सांगायचं मात्र राहिलं.

सांगणं तर भाग होतं. बायकोचं नाव विम्यातून काढा, असं शिगेकीला कंपनीत कळवावं लागणार होतं. ती रोज ठरवायची आणि रोज मिसोच्या सुपाबरोबर शब्द गिळायची. भरीत भर म्हणजे नेमका याच दिवसांत शिगेकी गोड वागायला लागला होता.

"दिवसभर उभी असतेस, टाचा दुखत असतील," असं म्हणत एकदा त्यानं तिच्या बुटांसाठी मऊ तळवे आणले. टाचा नावाचा अवयव बायकोला असतो हे त्याला पहिल्यांदाच कळलं असावं. ऐन थंडीत त्याचा चेहरा रापला होता. विचारलं तर म्हणाला, "नव्या साहेबांना चालत चालत मीटिंग घ्यायची हौस आहे." आणि झोपेत बरळायचा, "या, या, या... अजून जरा मागे या..."

दुकानात भात पॅक करणाऱ्या हिसायोनं हे ऐकलं आणि निदान करून टाकलं.

"बाईची भानगड आहे."

"काहीतरीच! साठीला आलेत ते."

"गोड बोलतो, तळवे आणतो, झोपेत कुणाला तरी बोलावतो. आणखी काय हवं? आणि 'ये' नाही हं, 'या' म्हणतो. म्हणजे वरच्या हुद्द्याची असणार."

मित्सुएनं हसून उडवून लावलं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या हातून कोरोक्के करपले.

नव्या पगाराचा दिवस तोंडावर आला, तेव्हा तिनं घरी शिगेकीच्या आवडीचे कोरोक्के केले. त्याचा पहिला घास पोटात जाऊ दिला आणि डोळे मिटून बोलली, "अहो, मी भिंत ओलांडली."

शिगेकीचा घास हातातच राहिला.

"काउंटर हातचा जात होता हो. विमा आता माझ्या नावावर झालाय. तुम्हाला कंपनीत सांगावं लागेल, माझं नाव काढा म्हणून. इतकी वर्षं तुम्ही छत्र धरलंत आणि मी न विचारता..." तिला हुंदका आला आणि हुंदक्यापाठोपाठ रागही. "सांगा जाऊन तुमच्या त्या वरच्या हुद्द्याच्या बाईला! म्हणावं, बायको हाताबाहेर गेली!"

"कोणती बाई?"

"जिला झोपेत 'या, या' म्हणता ती!"

शिगेकीचे कान लालबुंद झाले. त्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"त्या गाड्या आहेत गं," तो पुटपुटला. "इस्पितळाच्या आवारात लोकांना गाड्या कुठे लावायच्या ते हात करून दाखवतो. उन्हात उभा असतो. कंपनीनं सप्टेंबरातच नारळ दिला."

मित्सुएचा हुंदका अर्ध्यावरच थांबला.

शिगेकी चटईवर सरकला, गुडघे जुळवून नीट बसला आणि बायकोसमोर कपाळ टेकेपर्यंत वाकला.

"तुझ्या त्या विम्यात," तो खालूनच म्हणाला, "नवऱ्याचं नाव घालता येतं का गं?"