रिकाम्या इमारतीचा भार

तळमजल्यावर मोटारींना जागा हवी म्हणून आम्ही मधले खांब गाळले आणि वरच्या सगळ्या मजल्यांचा भार एका जाड बीमवर घेतला. माणसं राहायला आली की असा बीम आणखी थोडा वाकतो. किती वाकेल, ते मी गणितात धरलं होतं. इमारत रिकामी असतानाच बीमखाली मोजणीचं घड्याळ बसवून काटा शून्यावर आणला होता.

आज सकाळी तो काटा भरल्या इमारतीचा बाक दाखवत होता.

"मॅडम, सगळे मजले फिरून आलो. वर वाळूचं पोतंसुद्धा नाही," सुपरवायझर म्हणाला. "कुणी बिनभाड्याचे राहायला आले असतील." तो हसला.

मी लेव्हल लावून पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

पहिलं बिऱ्हाड माझ्या धाकट्या बहिणीचं येणार होतं, आजच. तिला थांबवायला मी फोन लावला.

"अगं ताई, आम्ही वर निघालोसुद्धा. तू कामात होतीस, म्हणून हाक नाही मारली. लिफ्ट बंद आहे, जिन्यात आहोत."

"तिथून लगेच खाली ये."

बोलता बोलता माझं लक्ष काट्याकडे गेलं. तो हळूहळू मागे फिरत होता. बीमवरचा भार उतरत होता.

"थांब जरा. ही पोरगी बघ ना, भिंतीला चिकटून उभी राहिलीय. म्हणते, आई, आधी त्यांना उतरू दे."

"कुणाला?"

"कुणीच नाहीये गं इथे."

काटा शून्यावर येऊन थांबला. जिन्याचं दार माझ्या पाठीमागे होतं.